सूनबाईच्या तारेवर कोण बसलंय?

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी पदरचं घातलं असेल तर माझी कवळी चारचौघांत खाली पडू दे. आणि ही कवळी ऐरीगैरी नाही, माझ्या मुलाने स्वतःच्या हाताने बनवलीय. कवळ्या बनवणं हाच त्याचा धंदा. तेव्हा मधेच कोणी "आजी, फेकू नका" म्हणायचं नाही. फेकायचीच असती तर मी याहून मोठी फेकली असती.

गोष्ट माझ्या सुनेची. सून शेअरबाजाराच्या कामात आहे, पण ती स्वतः शेअर घेत नाही, विकत नाही, आणि कुठला घ्यावा विचारलं तर "आई, मला काय माहीत" म्हणून मोकळी होते. तिच्या कंपनीत सौदे यंत्रं करतात. भाव जरा हलला की यंत्र ऑर्डर सोडतं, आणि ज्याची ऑर्डर आधी पोचली त्याचा सौदा. बाकीच्यांनी हात चोळत बसायचं. ऑर्डर निघाल्यापासून बाजाराच्या यंत्रात पोचेपर्यंत जो वेळ जातो त्याला ती लेटन्सी म्हणते, मी उशीर म्हणते. तो उशीर कमी करायचा, एवढंच तिचं काम.

"कमी म्हणजे किती गं?" मी एकदा विचारलं.

"आई, पापणी लवते ना, त्या वेळाचे लाखभर तुकडे करा. त्यातल्या एका तुकड्यासाठी आमची मारामारी."

"आणि एवढं करून तू रोज घरी उशिरा येतेस."

तिने घड्याळ बघितलं आणि पानं वाढायला घेतली.

पण ते वेड तिने घरीही आणलं होतं. स्वयंपाकघरातले डबे तिने असे मांडले की मला पाऊलच उचलावं लागेना, आणि माझे गुडघे धरले. तिच्या ऑफिसात तर म्हणे कोणी शिंकायच्या आधीच शेजारचा रुमाल पुढे करतो. आणि हे मी डोळ्यांनी बघितलंय, ती कांदा चिरायला घ्यायची तेव्हा सुरी टेकायच्या आतच तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

अशी ही चटपटीत बाई एक दिवस घरी आली ती तोंड उतरवून. पिशवी खुर्चीवर टाकली, पाणीही न पिता म्हणाली, "आई, आमच्या तारेवर कोणीतरी बसलंय."

"कावळा?"

"चोर."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाजारात एक दुसरी कंपनी होती, यांची जुनी स्पर्धक. इतकी वर्षं कधी हे पुढे, कधी ते. पण मध्यंतरी ते एकदम पुढे गेले. यांचं यंत्र ऑर्डर सोडतं, आणि बघतं तर सौदा त्यांनी उचललेला. एकदा नाही, सारखं. सुनेच्या मालकाने डोकं लावलं. डोकं कसलं, संशयाची फॅक्टरीच ती. तो म्हणाला, आपण काय करणार हे त्यांना आपण करायच्या आधी कळतंय. आतलं कोणीतरी सांगतंय. आणि सुनेला केबिनमध्ये बोलावून त्याने सुनावलं, "महिनाअखेरपर्यंत मला नाव पाहिजे. नाव नाही मिळालं तर तुझं कार्ड टेबलावर ठेव."

"मग ठेव," माझा मुलगा म्हणाला. "दुसरीकडे मिळेल नोकरी."

"कुठे मिळेल? या धंद्यात बोटावर मोजण्याइतक्या कंपन्या. चोरीच्या संशयावरून काढलेल्या माणसाला कोण दारात उभं करणार? आणि ते यंत्र मी उभं केलंय रे. त्यातला एकेक स्क्रू मला ओळखतो."

आता कळलं ना काय पणाला लागलं होतं? एक तर सुनेचं नाव जाणार, नाहीतर तिने दुसऱ्या कोणाचं तरी घालवायचं. आणि ज्याचं नाव घेईल तोही जन्मभर दारोदार.

त्या दिवसापासून घरात जो संशय शिरला तो शिरलाच. सुनेने आपल्या कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. मी टीव्हीवर टॉवेल टाकला, म्हटलं आपण कशाला मागे राहायचं. ती फोन आला की गॅलरीत जाऊन कुजबुजायची, तर माझा मुलगा दुसऱ्याच संशयात पडला. एकदा दबक्या आवाजात मला म्हणतो, "आई, हिचं बाहेर काही..."

"असेल बाबा," मी म्हटलं. "दिवसभर परक्यांचे जबडे हातात घेऊन बसतोस, घरच्या बाईच्या तोंडाकडे कधी बघितलंस?"

त्यानंतर आठवडाभर तो लवकर घरी येत होता. संशयाचा तेवढा एक फायदा.

सुनेच्या हाताखाली तीन-चार जणं होती, पण खरा कामाचा एकच. सगळे त्याला चष्मा म्हणायचे. भिंगं इतकी जाड की त्यातून त्याचे डोळे दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेल्यासारखे दिसायचे. बोलायचा कमी, ते पण जमिनीकडे बघून. सून म्हणायची, "त्याच्याइतका हुशार माणूस मी बघितला नाही." मी मनात म्हटलं, हुशार आणि खाली बघतो. लिहून घ्या.

त्यातच कंपनीने घरच्यांना ऑफिस दाखवायचा दिवस ठेवला होता. मला वाटलं, अशा वेळी रद्द करतील. पण मालक म्हणाला, रद्द केला तर चोर सावध होईल. मग काय, मी सगळ्यात चांगले कपडे घातले आणि निघाले. मुलगा म्हणाला, "आई, तिथे कोणाला काही विचारू नकोस हं." मी म्हटलं, "मी कशाला विचारतेय? मी फक्त बघणार."

ऑफिस बघितलं. जमिनीवर गालिचा असा जाड की पायाचा आवाजच येत नाही. जिथे माणूस मागून आलेला कळत नाही ती जागा चांगली नव्हे, असं माझी आई सांगायची. काचेच्या केबिनमध्ये मालक बसलेला. खुर्ची म्हणजे काय, पलंगच होता चाकांचा. आणि तो त्यातून कोणासाठी म्हणून उठत नाही. कोणीही येवो, हा नुसता खुर्ची फिरवतो आणि चार बोटं पुढे करतो. माझ्यापुढेही केली. मी बोटं हातात घेतली आणि जरा जोरात ओढून बघितलं. नाही उठला.

त्याच्या शेजारी त्याच्या बायकोचा भाऊ. कंपनीची सुरक्षा त्याच्याकडे. कमरेला चाव्यांचा जुडगा, आणि चालताना एका हाताने तो दाबून धरायचा, वाजू नये म्हणून. मी सुनेला हळूच म्हटलं, "याचं काय?"

"ते मेव्हणेसाहेब. ते नाहीत त्यातले. त्यांना ईमेल उघडता येत नाही, ते काय चोरणार?"

मग यंत्रांच्या हॉलमध्ये गेलो. हा हॉल सुनेच्या कंपनीचा नाही, बाजाराच्याच इमारतीत आहे, आणि सगळ्या कंपन्यांची यंत्रं तिथेच भाड्याने ठेवलेली. खरं तर तिथे घरच्यांना सोडत नाहीत. बाकीचे सगळे काचेबाहेरून बघून परत गेले. मी पहारेकऱ्याला म्हटलं, "बाबा, माझ्या छातीत डॉक्टरांनी यंत्र बसवलंय. त्याला एकदा त्याचे भाऊबंद बघू दे." त्याने सोडलं. तुम्ही नका विश्वास ठेवू. त्याने ठेवला, मला तेवढं पुरे.

आत काय थंडी म्हणता! जमिनीच्या फरशांना भोकं, आणि त्यातून बर्फासारखा वारा वर. माझी कवळी मला न विचारता बडबडायला लागली. आणि आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडायचं. लांबच लांब जाळीचे पिंजरे, पिंजऱ्यात काळी कपाटं, कपाटांत हिरवे-निळे दिवे लुकलुकतायत. आणि एका पिंजऱ्यावर नाव असेल तर शपथ! नुसते आकडे. कोण कोणाच्या शेजारी बसलंय कोणाला माहीत नाही. ज्याच्याशी तुमची मारामारी तो कदाचित हातभर अंतरावर, जाळीपलीकडे.

मी वर बघितलं तर काही कपाटांवर पिवळ्या तारेची ही मोठाली वेटोळी.

"हे काय गं? उरलेली तार कापायची सोडून गुंडाळून ठेवलीय?"

"ती मुद्दाम आहे, आई. बाजाराच्या यंत्राजवळ ज्याचं कपाट त्याची तार आखूड, त्याची ऑर्डर आधी पोचणार. म्हणून बाजारवाले सगळ्यांना सारख्याच लांबीची तार देतात. लांबच्याची तार सरळ जाते, जवळच्याची अशी गुंडाळून ठेवतात. म्हणजे कोणावर अन्याय नको."

"ही वेटोळी उलगडून कोणी मोजलीत का?"

"बाजारवाले मोजतात ना."

"आणि मोजणाऱ्याला कोण मोजतं?"

मागून कोणीतरी हसलं. चष्मा. कधी येऊन उभा राहिला होता देव जाणे. "आजी बरोबर बोलल्या," तो जमिनीला ओरडून म्हणाला. "मॅडम, मी तेच म्हणतोय कधीपासून. आपण आपल्या यंत्राच्या तोंडाशी मोजतो. तिथे सगळं ठीक दिसतं. भिंतीपाशी मोजूया ना एकदा."

"भिंतीपाशी काय मोजायचं?" सून म्हणाली. "भिंतीतल्या कपाटातून आपली तार बाजाराच्या यंत्राकडे जाते, तिथपर्यंत नुसती तारच आहे. तारेला काय होतंय?"

"तरी पण. बाजाराची पोच उशिरा येतेय. दर आठवड्याला थोडी अजून उशिरा. मला फक्त त्या कपाटाची चावी मिळवून द्या. एक तास."

पोच म्हणजे ऑर्डर मिळाली असं बाजाराकडून येणारं उत्तर. ते मला सुनेने परतताना गाडीत सांगितलं. पण माझं लक्ष पोचेवर नव्हतंच. मी म्हटलं, "सूनबाई, त्याला भिंतीपाशी का जायचंय?"

"मोजायला."

"की बसवायला?"

ती माझ्याकडे वळली.

"हे बघ, मी अडाणी बाई," मी म्हटलं, "पण तारेवर कोणाला बसायचं असेल तर तो कुठे बसेल? जिथे कोणी बघत नाही तिथे. तू स्वतःच म्हणालीस, तिथे नुसती तार आहे, तिथे कोणी बघत नाही. आणि बरोब्बर तिथलीच चावी त्याला हवी. एक तास हवा. मोजायला एक तास लागतो? पापणी लवायच्या लाखाव्या भागात तुमचे सौदे होतात, आणि याला तास!"

"आई, तो तसा नाही."

"सगळे तसे नसतात, तसे निघेपर्यंत."

आता कोणी म्हणेल, म्हातारीने आग लावली. मी कसली आग लावतेय? काडी तिच्याच मनात होती, मी फक्त अंधार आहे म्हणून दाखवलं.

त्यानंतर चष्म्याचं सगळंच वाकडं दिसायला लागलं. तो एकटा जेवतो. का एकटा जेवतो? फोन उलटा ठेवतो. का उलटा? त्याने नवे बूट घेतले. कुठून आले पैसे? एक दिवस त्याने सुनेला विचारलं, "मॅडम, चावीचं काय झालं?" ती म्हणाली, "बघते." त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिने मला येऊन सांगितलं, "आई, त्याने पुन्हा चावी मागितली." असं सांगितलं, जसं काही त्याने कोणाचा मुडदा लपवायला जागा मागितलीय.

इकडे यंत्र दिवसेंदिवस आणखी मागे पडत होतं. सून रात्रंदिवस प्रोग्रामातल्या ओळी तासत होती. इथली एक काढ, तिथली एक काढ. तिचं यंत्र खरोखर पूर्वीपेक्षा जलद झालं होतं. आणि ऑर्डर पूर्वीपेक्षा उशिरा पोचत होत्या. धावणारा जितका जोरात धावतोय तितकी शर्यत लांब होतेय, असा प्रकार. शेवटी तिलाच पटलं की यंत्र आणि बाजार यांच्यामध्ये, त्या मुक्या तारेवर, काहीतरी आहे. म्हणजे चष्मा म्हणत होता तेच. पण चष्मा म्हणत होता म्हणून तिला ते पटलं नाही. तिला वाटलं, त्याला आधीपासून माहीत होतं, कारण त्यानेच ते बसवलंय. आणि चावी त्याला हवी होती ती आता ते काढायला.

बघा, संशयाचं असं असतं. दोन अधिक दोन चार होतात आणि चारही दिशांनी आपल्यालाच बरोबर ठरवतात.

ती मेव्हण्याकडे गेली. "भिंतीतल्या कपाटाची चावी द्या."

"कुठली चावी?"

"तुमच्या कमरेला आहे ती."

"ही? ही माझ्या सायकलच्या कुलपाची."

"साहेब, तुमच्याकडे सायकल आहे?"

"घ्यायचीय," तो म्हणाला आणि जुडगा दाबून धरत निघून गेला.

हे ऐकून मला वाटलं, हा पण मिळालेला दिसतोय. मी तसं म्हटलंही. पण सुनेच्या डोक्यात चष्मा इतका घट्ट बसला होता की दुसऱ्याला जागाच नव्हती. ती सरळ बाजाराच्या इमारतीतल्या कचेरीत गेली. तिथे सगळ्या कपाटांच्या दुसऱ्या चाव्या असतात, आणि कंपनीच्या यंत्रांची प्रमुख म्हणून तिचं नाव त्यांच्याकडे नोंदलेलं होतंच. त्यांनी तिचं कार्ड बघितलं, चावी दिली, वर विचारलं, "मॅडम, मदतीला माणूस देऊ का?" ती नको म्हणाली. तिला साक्षीदार नको होता की वाटेकरी नको होता, कोण जाणे.

भर दुपारी तिने ते कपाट उघडलं. आणि तिथे तो होता. चोर.

काळी पेटी. जेवणाच्या डब्याएवढी. यांची तार एका बाजूने आत जातेय, दुसऱ्या बाजूने बाहेर येऊन भिंतीत. पेटीवर एक बारका हिरवा दिवा, शांतपणे चालू. त्या हॉलमध्ये प्रत्येक वस्तूला चिठ्ठी चिकटवलेली असते, काय आहे, कोणाची आहे, कधी लावली. या पेटीला चिठ्ठी नाही.

तिने पेटीच्या अलीकडे मोजलं, पलीकडे मोजलं. ऑर्डर पेटीत शिरते आणि रेंगाळते. पेटी प्रत्येक ऑर्डर उघडते, वाचते, तिची नक्कल ठेवते, परत बंद करते आणि मग पुढे सोडते. जसं कोणी पोस्टमनला दारात अडवून सगळी पाकिटं वाफेवर उघडून वाचावीत. सगळा उशीर तिथेच.

सुनेने फोटो काढला आणि तशीच मालकाच्या केबिनमध्ये गेली. पुढचं मी बघितलेलं नाही, मी घरी भाजी निवडत होते. पण तिने सांगितलं, आणि जे सांगितलं नाही तेही मला कळतं. माझी सून आहे.

केबिनमध्ये मालक होता, मेव्हणा होता. सुनेने चष्म्याला पण बोलावून घेतलं. तोंडावरच होऊन जाऊ दे, म्हणाली.

"सर, नाव पाहिजे होतं ना तुम्हाला?" तिने फोन टेबलावर ठेवला. "ही पेटी आपल्या तारेवर बसवलेली आहे. आपली प्रत्येक ऑर्डर वाचतेय. आणि गेले कित्येक दिवस हा माझ्याकडे त्याच कपाटाची चावी मागतोय."

चष्म्याने पहिल्यांदाच जमिनीवरून नजर उचलली. फोटो बघितला. मग तिच्याकडे बघितलं. सून म्हणते, त्या भिंगांतून त्याचे डोळे तिला पहिल्यांदा जवळून दिसले.

"मॅडम," तो म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, भिंतीपाशी मोजूया?"

"हो. कारण तुला माहीत होतं तिथे काय आहे."

मेव्हणा खोकला. मग पुन्हा खोकला. मग मालकाकडे बघून म्हणाला, "दाजी, सांगू का?"

"काय सांगायचंय?" सून म्हणाली.

"ती... आपलीच आहे. पेटी."

मग हळूहळू मेव्हण्याच्या तोंडून सगळं पडलं. स्पर्धक पुढे गेला त्याच आठवड्यात मालकाला चोराचा संशय आला. त्याने कोणाला न सांगता ती पेटी आणली आणि मेव्हण्याकरवी बसवून घेतली. जाणारी प्रत्येक ऑर्डर तपासायची, आतली बातमी बाहेर जातेय का बघायचं. पेटीने तपासलं. काही सापडलं नाही. मालक म्हणाला, काही सापडत नाही म्हणजे चोर फार हुशार आहे. म्हणून पेटीला आणखी बारकाईने वाचायला लावलं. तरी काही सापडलं नाही. मग आणखी बारकाईने. आणि पेटी जितकी बारकाईने वाचेल तितका उशीर, जितका उशीर तितके सौदे हातचे जाणार, जितके सौदे जातील तितका मालकाचा संशय पक्का.

"पण विकणाऱ्याने सांगितलं होतं, वेगात काही फरक पडत नाही," मालक म्हणाला.

"माणसाला पडत नाही, सर," चष्मा म्हणाला. "ऑर्डरला पडतो."

"आणि मग ते आधी पुढे गेलेच कसे? पेटी बसवायच्या आधी?"

"ते आपल्यापेक्षा जलद झाले असतील," चष्मा म्हणाला. "होतं असं."

एवढी साधी गोष्ट मालकाच्या डोक्यात आलीच नव्हती. दुसरा आपल्यापेक्षा चांगलं काम करू शकतो हे मानण्यापेक्षा घरात चोर आहे हे मानणं त्याला सोपं गेलं.

तेव्हा मालक खुर्चीतून उठला. कोणासाठी न उठणारा माणूस, टेबलाला हात टेकून उभा राहिला. घसा खाकरला आणि चष्म्याला म्हणाला, "माझं चुकलं. तुमचं दोघांचंही मी नुकसान केलं. माफ करा." मेव्हणासुद्धा खाली बघत होता, चाव्या धरायच्या विसरला होता.

चष्म्याने गळ्यातलं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. "नको, असं नको," सून म्हणाली. "मी चुकले. अरे, तू थांब."

"मॅडम, तुम्ही पेटी बघितलीत आणि पहिलं नाव माझं घेतलंत," तो म्हणाला. "उद्या काही बिघडलं की परत तेच नाव ओठांवर येईल. तुमचा दोष नाही. सवय होते." आणि गेला. गालिचावरून गेला, आवाज आला नाही.

पेटी त्याच संध्याकाळी निघाली. यंत्र पूर्ववत धावायला लागलं, सुनेने तासलेल्या ओळींमुळे पूर्वीपेक्षाही जरा जोरात. सुनेची नोकरी राहिली. मालकाने पगारही वाढवला. पण घरी ती नुसती ताटात बोटं फिरवत बसायची.

"जा त्याच्याकडे," मी म्हटलं. "माफी फोनवर मागत नाहीत."

"तो दार उघडेल?"

"नाही उघडलं तर दारालाच सांगून ये. तेवढंच हलकं."

ती गेली. त्याने दार उघडलं. आत पुस्तकांचे ढीग, एक खुर्ची, एक टेबल, आणि टेबलावर एकाच माणसाचं ताट. एकटा जेवतो, का एकटा जेवतो, याचं उत्तर तिला दारातूनच मिळालं. ती म्हणाली, "मी तुझं नाव घालवलं. या धंद्यात आता तुला कोण..."

"मिळाली नोकरी," तो म्हणाला. "सोमवारपासून."

"कुठे?"

त्याने नाव सांगितलं. तीच. स्पर्धक कंपनी.

सून म्हणते, क्षणभर तिच्या मनात परत तोच किडा वळवळला. बघ! शेवटी तिथेच गेला! तोंडावर आलं असणार तिच्या, कारण चष्मा हसला.

"तुम्हाला वाटतंय ते मलाही वाटलं असतं, मॅडम. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. चोरीचा आळ आला म्हणून सोडली म्हटलं. त्यांचा साहेब काय म्हणाला माहितेय? म्हणाला, 'सगळ्या बाजारात तू चोर नाहीस हे पक्कं माहीत असलेली एकच कंपनी आहे, ती आमची. तुमच्याकडची बातमी आम्हाला कोणी विकली नाही, हे आमच्याशिवाय कोण सांगणार?'"

सून तिथेच पायरीवर बसून हसली, मग रडली. घरी येऊन हे सांगताना परत दोन्ही केलं, या वेळी कांदा नसताना.

आता चष्मा तिकडे आहे आणि ते अजून पुढे आहेत. माझी सून रोज त्यांच्या मागे धावते. पण आता ती म्हणते, "आई, आज पण त्यांनी उचललं. चांगलं करतात मेले." भिंतीपाशी मात्र ती दर आठवड्याला स्वतः जाऊन मोजते. तिच्या हाताखाली नवा मुलगा आलाय, त्याने काही सुचवलं की ती आधी करून बघते, मग त्याच्याकडे बघते.

झालं. एवढीच गोष्ट, आणि सगळी खरी. पहारेकरी खरा, सायकलची चावी खरी, चावी दिली नाही ते खरं, पेटी तर खरीच.

बरं, एक सांगते. तो मालक उठला नव्हता. उठलाही नाही आणि माफीही मागितली नाही. त्याने फक्त खुर्ची फिरवली आणि खिडकीतून बाहेर बघत बसला, सगळे जाईपर्यंत. ते उभं राहणं मी घातलंय. सुनेने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा गोष्टीत त्या जागी खड्डा पडत होता. म्हटलं, कोणीतरी उठायला हवं होतं ना? मग मीच उठवला.